हेडविगचे अकरा बटाटे

बटाट्याच्या बाबतीत सरलाबाईंना कुणी शिकवायला जाऊ नये. त्यांचं माहेर मंचरच्या वरच्या अंगाला, पठारावर. तिथं पावसाळ्यात घरटी बटाटा असतो, आणि सरलाबाईंच्या वडिलांचा, बापूंचा, तर असा दबदबा होता की गावातले लोक बियाणं घेताना आधी त्यांना दाखवत. लग्नानंतर चाळीस वर्षं चिंचवडच्या फ्लॅटमध्ये गेली, तरी मंडईत सरलाबाई अजून अंगठ्याचं नख सालीवर ओढून बघत आणि भाजीवाल्याला त्याच्याच मालाची माहिती देत. त्यामुळे हॅम्बर्गला मुलाकडे उतरून तीन दिवस होत नाहीत तोच बटाट्यांवरून घरात बैठक बसली, तेव्हा अध्यक्षपद कुणाकडे जाणार हे ठरल्यासारखंच होतं.

चार वर्षं यादीत नाव लावून बसल्यावर शिरीष आणि त्याची बायको नीता यांना त्याच हिवाळ्यात श्रेबरगार्टन मिळालं होतं. म्हणजे शहराच्या कडेला, वर्षाच्या भाड्यानं मिळणारा बागेचा तुकडा. त्यात एक लाकडी खोपटं, दोन सफरचंदाची झाडं आणि डोक्यावरून सारखी विमानं. शिरीष विमानांच्याच कारखान्यात इंजिनियर, त्याला त्या आवाजाचं काही नव्हतं. अडचण एवढीच होती की बटाट्यासाठी जागा फक्त तीन ओळींची होती आणि घरात मतं चार.

"लिंडा लावू," शिरीष म्हणाला. "इथं सगळे लिंडा लावतात. उकडून कापली तरी आकार सोडत नाही."

"आकार सोडला तर काय बिघडतं? बटाट्याचा फोटो काढायचाय का?" सरलाबाई म्हणाल्या. "बटाटा उकडून हातानं फोडला की फुलला पाहिजे. काल तुम्ही दुकानातून आणलात ते बटाटे की साबणाच्या वड्या?"

नीता सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, त्यामुळे तिच्याकडे प्रत्येक गोष्टीचा तक्ता असतो. "आई, इथे पाकिटावरच लिहिलेलं असतं, न फुटणारा, मधला आणि पिठूळ," ती म्हणाली. "आनाबेल जूनमध्ये निघतो, म्हणून एक ओळ त्याची. एक लिंडाची. आणि एक तुमच्यासाठी पिठूळ."

"उंट ओपा पेटरसन?" अन्वीनं विचारलं. ती त्यांची नऊ वर्षांची मुलगी. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. पेटरसन आजोबांच्या बटाट्यांचं काय, असं तिला म्हणायचं होतं.

बागेचा तुकडा आधी या पेटरसन आजोबांचा होता. पन्नास वर्षं त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, हेडविगनं, तो कसला. हेडविग गेली, मग गुडघे गेले, आणि ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी किल्ली शिरीषच्या हातात दिली. किल्लीबरोबर एक कागदी पिशवी दिली. तिच्यात अकरा बटाटे होते. गुडघ्यांमुळे गेल्या वर्षी त्यांना दोनच झाडं लावता आली होती, त्यातून उरलेले हे अकरा. "बाग तुमची. हवं ते उपटा, हवं ते लावा," ते म्हणाले होते. "हे तेवढे जगवा. हेडविगच्या माहेरचे आहेत. दुसरीकडे कुठेच नाहीत."

"वाण कुठला?" सरलाबाईंनी विचारलं.

"त्याचं नाव त्यांनाही माहीत नाही."

"म्हणजे नाव ना गाव!" सरलाबाईंनी निकाल दिला. "तीन ओळींत काय काय कोंबणार? म्हाताऱ्या माणसाचा मान म्हणून कुंपणाकडेला लावा चार. बियाणं कुठंय सगळं?"

"केलरमध्ये," शिरीष म्हणाला. म्हणजे इमारतीच्या तळघरात. आणि तो ऑफिसच्या फोनवर गेला.

ते अर्धंच खरं होतं. लिंडा आणि आनाबेल जाळीच्या पिशव्यांत तळघरात होते. हेडविगचे अकरा मात्र पेटरसननी सांगितल्याप्रमाणे लावणीआधी जाडसर कोंब यावेत म्हणून उजेडात ठेवलेले होते, नीताच्या झोपायच्या खोलीतल्या खिडकीत, अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, डोळे वर करून. इथं सगळे असंच करतात. पठारावर असं कुणी करत नाही. तिथं बियाणं पोत्यात येतं, फोडी करून रानात जातं. बियाणं अंड्याच्या खोक्यात बसवून सुनेच्या खिडकीत ठेवतात, हे सरलाबाईंना कोण सांगणार?

महाशिवरात्र बुधवारी आली. शिरीष आणि नीता कामाला गेले, अन्वी शाळेत. सरलाबाईंना उपास. साबुदाणा भिजवायला विसरल्या होत्या आणि स्वयंपाकघरात बटाटा औषधालाही नव्हता. तळघरातल्या बियाण्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. तेवढ्यात वाळलेले कपडे ठेवायला त्या नीताच्या खोलीत गेल्या आणि खिडकीत त्यांना ते अकरा दिसले. कोंब फुटलेले, उजेडानं हिरवट पडलेले.

'बघा,' त्या मनाशी म्हणाल्या, 'एवढा तक्ता करते पोरगी, आणि घरातले बटाटे खिडकीत कुजायला टाकलेत!' सुनेला बोलायचं नाही, गुपचूप सावरून घ्यायचं, असा मोठेपणाचा विचार करून त्यांनी खोकं उचललं. कोंब मोडले. एरवी त्या बटाटे आधी उकडतात आणि मग सोलतात, पण हिरवी साल कडू लागते म्हणून आज कच्चेच सोलले, आणि चांगले जाडजूड सोलले. साली आणि कोंब कागदात गुंडाळून खाली ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यात टाकून आल्या. मग फोडी उकडून तूप, जिरं, हिरवी मिरची आणि दाण्याचं कूट घालून भाजी केली. संध्याकाळी सगळ्यांना पुरेल एवढी.

पहिला घास घेतला आणि सरलाबाई थांबल्या.

बटाटा जिभेवर फुटला. पिठूळ, पण कोरडा नाही. गोडसर, आणि मागून मातीचा वास. असा बटाटा त्यांनी चाळीस वर्षांत खाल्ला नव्हता. वडील शेतातच चुलीवर पहिल्या काढणीचा माल उकडत आणि नुसतं मीठ लावून हातावर ठेवत, तो बटाटा हा. सरलाबाईंचे डोळे भरून आले. कुठल्या दुकानातून आणला ते नीताला विचारायचं आणि तिन्ही ओळींत हाच लावायचा, असं त्यांनी बसल्या जागी ठरवून टाकलं.

चार वाजता नीता घरी आली, आत गेली, आणि तशीच बाहेर आली. तिच्या हातात रिकामं खोकं होतं.

"आई, यातले बटाटे?"

"भाजी केली. अगं, कुठून आणलेस? इतका सुंदर—"

"आई, ते पेटरसन आजोबांचे होते." नीतानं खोकं टेबलावर ठेवलं. "हेडविगचे. जगात तेवढेच होते."

सरलाबाईंच्या माहेरी चूल विझली तरी चालेल, पण बियाण्याच्या पोत्याला हात लावायचा नाही, अशी शिस्त होती. एका वर्षी चुलतीनं चार बटाटे काढले तर वडील दोन दिवस तिच्या हातचं जेवले नव्हते. आणि आज, शिवरात्रीच्या दिवशी, त्यांनी परक्या माणसाचं, त्याच्या गेलेल्या बायकोचं बियाणं खाल्लं होतं. वर चवीचं कौतुक केलं होतं. नीता चहा टाकायला आत गेली, आणि त्याचीच सरलाबाईंना जास्त लाज वाटली.

पण शेतकऱ्याची मुलगी नुसती रडत बसत नाही. पदरानं नाक पुसता पुसता त्यांना एकदम आठवलं. "नीता! मी कच्चे सोललेत."

"मग?"

"मग काय? उकडलेली साल मेलेली, कच्ची साल जिवंत. डोळा असला म्हणजे झालं. बापू बियाणं कापताना एका फोडीला दोन डोळे ठेवायचे. बटाटा मोठा नसला तरी चालतो गं, डोळा लागतो. तो डबा रिकामा करायला कधी येतात?"

"उद्या सकाळी."

साडीवर शिरीषचं जाकीट चढवून सरलाबाई तीन जिने उतरल्या. त्यांनी तो तपकिरी डबा अंगणातल्या फरशीवर सरळ आडवा केला. त्यांचं पुडकं मध्येच फाटलं होतं आणि साली सगळीकडे पसरल्या होत्या. कॉफीचा चोथा, संत्र्याची सालं, कुणाच्या तरी वाळलेल्या ट्यूलिपा, त्यांतून त्या एकेक साल वेचू लागल्या. पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली. जर्मनीत कचऱ्याच्या डब्याशी खेळणं म्हणजे साधी गोष्ट नाही. वरच्या बाईंनी काहीतरी विचारलं, नीतानं लाल होऊन उत्तर दिलं.

"काय म्हणाल्या?"

"विचारलं, काही मौल्यवान हरवलंय का. मी हो म्हटलं."

"बरोबर सांगितलंस. ती फांदी उचल. त्याखाली अजून एक डोळा आहे."

अडतीस तुकडे मिळाले. काही सालीचे, काही नुसते मोडलेले कोंब. वर नेऊन सरलाबाईंनी ते पुसले, आणि मग राखेसाठी अडल्या. वडील कापलेल्या बाजूला चुलीची राख लावत, म्हणजे बुरशी धरत नाही. या घरात चूल कुठून येणार? शेवटी देव्हाऱ्यापुढच्या ताटलीत उदबत्त्यांची साठलेली राख होती, ती कामी आली. "आज त्याचाच दिवस आहे. अंगाला भस्म फासून बसतो, थोडं यांनाही देईल," त्या म्हणाल्या आणि दह्याच्या रिकाम्या डब्यांत माती भरू लागल्या.

शिरीष आला तेव्हा घरातल्या सगळ्या खिडक्यांत दह्याचे डबे होते. त्याला सगळं सांगितलं. तो डोक्याला हात लावून बसला आणि बसल्या बसल्या समोरची भाजी खाऊ लागला. दुसरा घास, तिसरा घास. मग मान वर केली.

"आई, हा बटाटा..."

"कळलं ना? आता बोल. लिंडा लावायची का?"

"पण तिचं बियाणं आणलंय."

"खाऊन टाकू. ते खाल्लं तर कुणाचं काही जात नाही. जे बाजारात मिळतं ते बाजारातून आणावं, शिरीष. जे कुठंच मिळत नाही त्यासाठी जमीन असते." नीतानं लॅपटॉप उघडला आणि तक्त्यातल्या तिन्ही ओळी मुकाट्यानं पुसल्या.

फक्त पेटरसनना आत्ताच सांगायचं नाही, असं नीता म्हणाली. आधी उगवू दे. सरलाबाईंना पटलं नाही, पण पडती बाजू आपली म्हणून गप्प बसल्या.

पुढचे दोन महिने त्या डब्यांची त्यांनी जशी राखण केली तशी शिरीषचीही केली नसेल. बारा सालींना बुरशी आली, नऊ नुसत्याच सुकल्या. प्रत्येक वेळी सरलाबाईंचं जेवण कमी व्हायचं. चिंचवडहून नवरा, रमेशराव, फोनवर विचारत, "अगं, तू नातीला भेटायला गेलीस की बटाट्याला?" पण एप्रिलच्या अखेरीला सतरा डब्यांत वीतभर, गडद हिरवी, ठणठणीत रोपं उभी होती. अन्वी रोज पट्टीनं मापायची आणि आकडे वहीत लिहायची.

व्हिसा नव्वद दिवसांचा. मेच्या पहिल्या शनिवारी रोपं वाफ्यात गेली, आणि नेमके तेव्हाच पेटरसन आजोबा चाकांचा वॉकर ढकलत फाटकाशी आले. "मोइन," म्हणाले, तिकडचा नमस्कार. उंच, वाकलेला माणूस; डोळे मात्र तरतरीत. त्यांनी रोपांकडे पाहिलं, मग रिकाम्या डब्यांकडे.

"तर मग," ते म्हणाले, "रोपं दिसतायत. माझे बटाटे कुठायत?"

नीता काहीतरी गोलमोल सांगणार होती. सरलाबाईंनी तिला थांबवलं. हात पुसून त्या पुढं झाल्या. "अन्वी, मी सांगते ते जसंच्या तसं सांग. तुमचे बटाटे मी खाल्ले. चुकून, पण खाल्ले. अकराही. मग साली कचऱ्यातून काढून लावल्या. त्यातून ही सतरा उगवली. बियाणं खाणं हे आमच्याकडे पाप आहे. माफी मागायला मला तोंड नाही, पण मागते."

अन्वीनं मान खाली घालून सगळं सांगितलं. पेटरसन ऐकत राहिले. वाफ्यातली सतराही रोपं त्यांनी एकेक करून बघितली. चेहऱ्यावर काहीच दिसेना. मग एकच वाक्य बोलले आणि वॉकर वळवून निघून गेले.

"काय म्हणाले?"

"'सप्टेंबरमध्ये बघू,'" नीता म्हणाली.

ते वाक्य घेऊन सरलाबाई परत गेल्या. चिंचवडला पोचल्या पोचल्या त्यांनी शिरीषला बजावलं, पुढचं तिकीट सप्टेंबरचंच काढ. रमेशरावांनी दिवाळी सुचवली, तिकडे त्यांनी लक्षच दिलं नाही.

जुलैत हॅम्बर्गला पाऊस लागला तो थांबेना. ऑगस्टच्या मध्यावर नीतानं व्हिडिओ लावला. पानांवर तपकिरी डाग होते, कडेला पांढरट बुरशी. सरलाबाईंनी चष्मा न लावताच ओळखलं.

"करपा आहे. पाला काप. सगळा, जमिनीलगत. आज."

"आई, फक्त चारच झाडांवर आहे. अजून तीन आठवडे वाढले तर बटाटे मोठे होतील ना? आजूबाजूचे सगळे थांबलेत. बागवाल्यांच्या मंडळाचे, फेराइनचे अध्यक्ष म्हणाले, ऊन पडलं की—"

"अध्यक्षांचं त्यांच्यापाशी. करपा पाल्यावरून खाली उतरतो. पाला गेला तर बटाटा वाचेल. पाल्याचा मोह धरलास तर दोन्ही जातील. कापलेला पाला बागेत ठेवू नकोस. आणि माती उकरून बघू नकोस, साल पक्की होऊ दे." एवढं ठणकावून बोलल्या, पण फोन ठेवल्यावर त्या देवापुढे उदबत्ती लावून आल्या. सतरा झाडं होती, आणि सतराही त्यांनी दुरून कापायला लावली होती.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी त्या बागेत उभ्या राहिल्या तेव्हा लख्ख ऊन होतं. शेजारच्या वाफ्यांतून कुजका वास येत होता. ज्यांनी उन्हाची वाट पाहिली त्यांच्या बटाट्यांचा काळा चिखल झाला होता. हेडविगच्या तीन ओळी नुसत्या उघड्या मातीच्या होत्या. फाटकाशी पेटरसन येऊन उभे राहिले, हातात तारेची जुनी टोपली. "मोइन" सुद्धा म्हणाले नाहीत.

सरलाबाईंनी पदर खोचला आणि माती हातानं बाजूला केली. पहिल्या झाडाखाली तीन निघाले, लिंबाएवढे. दुसऱ्याखाली त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि एकामागून एक काढायला लागल्या. पाच, सात, दहा. पिवळसर, लांबट, साल पक्की, एकावर डाग नाही.

"आई!" शिरीष ओरडला आणि गुडघ्यांवर बसून तोही उकरायला लागला. अन्वी मोठमोठ्यानं मोजत होती. "हुंडर्ट!" म्हणजे शंभर झालं तेव्हा सात झाडं अजून बाकी होती. शेजारपाजारचे कुंपणाशी जमले. फेराइनचे अध्यक्षही आले आणि पाला कधी कापला म्हणून नीताला विचारू लागले. शेवटचा बटाटा टोपलीत पडला तेव्हा अन्वीच्या वहीत आकडा होता एकशे एकोणसत्तर.

सरलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांना आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, पण नजर पेटरसनांवर होती. ते पुढं आले. टोपलीतला एक बटाटा उचलून त्यांनी अंगठ्याचं नख सालीवर ओढलं. अगदी सरलाबाई ओढतात तसंच. मग ते बोलायला लागले, आणि नीता थांबत थांबत सांगू लागली.

"युद्धानंतरच्या हिवाळ्यात हॅम्बर्गमध्ये खायला काही नव्हतं. हेडविगची आई रोज इंग्रज सैनिकांच्या स्वयंपाकघरामागे जायची, कचऱ्यापाशी. सैनिक बटाटे जाड सोलायचे. ती साली वेचून आणायची. बाकीच्यांनी साली उकडून खाल्ल्या. तिनं डोळ्यांच्या साली बाजूला काढून लावल्या." नीतानं पुढचं ऐकून घेतलं. "म्हणून या वाणाला नाव नाही, आई. सालींना कुठलं नाव असणार? ते म्हणतायत, मे महिन्यात तुम्ही सांगितलंत तेव्हा त्यांना बोलता आलं नाही. तिथं उभं राहून रडू आलं असतं."

सरलाबाईंना जे येत होतं ते त्यांनी केलं. खोपटातून अंड्यांचं खोकं आणलं, टोपलीतले अकरा सर्वांत देखणे बटाटे निवडले आणि डोळे वर करून एकेक बसवले. आधी बियाणं, मग भाजी. ते खोकं त्यांनी दोन्ही हातांनी पेटरसनांपुढं धरलं.

पेटरसननी खिशातून पेन्सिल काढली, झाकणावर काहीतरी लिहिलं आणि खोकं परत त्यांच्याच हातात दिलं.

"काय लिहिलंय?"

अन्वीनं वाकून वाचलं. "हेडविग-सरला."

सरलाबाईंनी ती अक्षरं पाहिली. त्यातलं एकही त्यांना वाचता येत नव्हतं, तरी दोनदा पाहिली. वाणाला बापूंचं नाव कधी लागलं नव्हतं, पठारावर कुणाचंच लागलं नव्हतं. मग त्यांनी पेटरसनांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि खाली, ठळक मराठीत, आपल्या हातानं लिहिलं: 'खाऊ नये.'